वाचकांचे प्रश्न : निविदेतील अटी आणि आरोग्याच्या सवयी

प्रश्न : मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या खरेदी समितीवर आहे. आमच्याकडे सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. लेखापरीक्षणात त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. मात्र नवे आणि अधिक चांगले तंत्रज्ञान आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. खरेदीच्या मार्गाने नवोपक्रमाला चालना देता येते, असे वाचले. ते प्रत्यक्षात कसे साधावे?

उत्तर : आपली तक्रार दराबद्दल असली, तरी दुखणे बहुधा तांत्रिक अटींमध्ये असते. सलाइनमधून औषध सोडणारा इन्फ्युजन पंप घ्या. त्याचे वजन, पडद्याचा आकार, बॅटरीचे तास अशा अटी पुष्कळदा एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकावरून जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. त्यांत बसणारा सर्वांत स्वस्त पंप येतो आणि त्याला फक्त त्याच कंपनीचा नळीसंच चालतो, हे पुढे बिले येऊ लागल्यावर लक्षात येते. रात्रपाळीच्या परिचारिकेकडून मात्रेत एक शून्य जास्त दाबले गेले, तर पंप तिला अडवतो की मुकाट्याने औषध सोडू लागतो, हे मात्र निविदेत कोणीच विचारलेले नसते.

म्हणून वस्तूचे वर्णन करण्यापेक्षा ती कोणते काम करणार आणि कोणती चूक टाळणार, ते अटींत लिहावे. दरांची तुलना करताना खरेदीची किंमत, पुढील काही वर्षांचे सुटे साहित्य, देखभाल आणि प्रशिक्षण या सर्वांची बेरीज धरावी. गुणवत्तेला किती गुण आणि दराला किती, हे निविदेतच जाहीर केलेले असेल, तर लेखापरीक्षकालाही बोट ठेवायला जागा उरत नाही. युरोपीय संघाने २०१४ च्या सार्वजनिक खरेदीविषयक निर्देशात वस्तूच्या संपूर्ण आयुष्यातील खर्चावरून निविदा तोलण्याची मुभा दिली. बाजारात अजून उपलब्धच नसलेली वस्तू पुरवठादाराबरोबर विकसित करून घेण्याची स्वतंत्र पद्धतही त्यात आहे.

खरेदीदार मोठा असला की तो याहून पुढे जाऊ शकतो. आफ्रिकेत मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेची) साथ वारंवार येणाऱ्या पट्ट्यासाठी लस हवी होती, तेव्हा तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी एका मात्रेची किंमत ५० सेंटच्या आत असावी, असे सुरुवातीलाच सांगितले. पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २००१ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पातून सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने त्या किमतीत बसणारी लस तयार केली आणि २०१० च्या अखेरीस बुर्किना फासोपासून तिची मोहीम सुरू झाली. ज्यांना लस वापरायची होती त्यांनी किंमत आधी सांगितली आणि संशोधन त्या किमतीला धरून झाले, यातच या प्रकल्पाचे वेगळेपण आहे.

खरेदीची आगाऊ हमी दिली की दर वेळी शोध लागतोच, असे मात्र समजू नये. न्यूमोनियासारख्या आजारांपासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लसीसाठी इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी २००७ मध्ये १.५ अब्ज डॉलरची हमी दिली. ती घेणाऱ्या कंपन्यांनी गरीब देशांना दीर्घकाळ जास्तीत जास्त साडेतीन डॉलर दराने मात्रा पुरवायची होती. परंतु त्या वेळी दोन कंपन्यांच्या लसी विकासाच्या शेवटच्या टप्प्यात होत्या, त्यामुळे हमीचे यश शोधापेक्षा पुरवठा वाढण्यात अधिक दिसते, ही टीका मला रास्त वाटते. नव्या प्रतिजैविकांची अडचण वेगळी आहे. ती शक्य तितकी राखून वापरायची असतात आणि त्यामुळे खपावर पैसे देण्याची पद्धत उत्पादकाला मारक ठरते. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२२ पासून दोन प्रतिजैविकांसाठी, ती किती वापरली गेली हे न पाहता, प्रत्येकी वर्षाला १ कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम देण्यास सुरुवात केली.

आपल्या एकट्या रुग्णालयाला एवढे वजन नाही. आसपासच्या रुग्णालयांबरोबर एकत्रित दरकरार करता येईल. निविदेपूर्वी सर्व पुरवठादारांची खुली बैठक घेऊन तिचे इतिवृत्त सर्वांना द्यावे. शक्य असल्यास एका कक्षात आधी चाचणी घ्यावी, मात्र कोणता निकाल आला तर खरेदी करायची, हे चाचणी सुरू होण्यापूर्वी कागदावर आणावे. नंतर ठरवायला बसलात, तर प्रत्येक चाचणी यशस्वीच निघते.

प्रश्न : आमच्या कंपनीला कर्मचाऱ्यांसाठी वेलनेस कार्यक्रम घ्यायचा आहे : अ‍ॅप, पावले मोजणारे घड्याळ, आरोग्य तपासणी आणि बक्षिसाचे गुण. ‘कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च कमी होतो,’ असे विक्रेता सांगतो. त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : ‘भाग घेणाऱ्यांचा’ या शब्दापाशी थांबावे. अशा कार्यक्रमांत नाव नोंदवणारे बरेचसे लोक आधीपासूनच तब्येतीला जपणारे असतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून एका गटाला कार्यक्रम देऊ केला. भाग घेणारे आणि न घेणारे यांची थेट तुलना केली, तेव्हा जुन्या अभ्यासांसारखाच मोठा फरक दिसला. परंतु चिठ्ठीने पडलेल्या गटांची तुलना केल्यावर वैद्यकीय खर्चातील फरक उरला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात एका किरकोळ विक्री-साखळीतील सुमारे ३३,००० कामगार होते. दीड वर्षानंतर कार्यक्रम लाभलेल्या ठिकाणचे कामगार ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ असे अधिक प्रमाणात सांगत होते, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारखर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

याचा अर्थ ‘नज’ म्हणजे वागणुकीला दिलेला हलका रेटा निरुपयोगी आहे, असा नाही. तो निर्णयाच्या अगदी जवळ द्यावा लागतो. एका कंपनीने आवारात मोफत फ्लूची लस ठेवली होती. ज्यांना पाठवलेल्या पत्रात लस घेण्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सांगितले, त्यांच्यात लसीकरण सुमारे ४ टक्के गुणांनी, म्हणजे शंभरांत चार जणांनी, जास्त झाले. इंग्लंडमध्ये जास्त प्रतिजैविके लिहिणाऱ्या दवाखान्यांना, तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात, असे पत्र गेले आणि त्यांचे प्रमाण ३.३ टक्क्यांनी उतरले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांत संगणकावर औषध लिहिताना जेनेरिक नाव आपोआप निवडले जाईल, अशी रचना केल्यावर जेनेरिकचा वाटा ७५ वरून ९८ टक्क्यांवर गेला. माझ्या मते कर्मचाऱ्याच्या मनगटापेक्षा डॉक्टरच्या पडद्यावर केलेला खर्च अधिक सत्कारणी लागतो, पण तो विकायला कोणी आपल्या दारी येत नाही.

अपेक्षाही बेताची ठेवावी. नियतकालिकांत छापून आलेल्या नज-प्रयोगांत सरासरी ८.७ टक्के गुणांची वाढ दिसते, तर अमेरिकेतील नजचे प्रयोग करणाऱ्या दोन मोठ्या विभागांच्या सर्व प्रयोगांत ती १.४ आहे, असे डेलाविन्या आणि लिनोस या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. तरीही कार्यक्रम घ्यायचाच असेल, तर तो सर्व शाखांत एकाच दिवशी सुरू करू नये. कोणत्या शाखेत आधी, हे चिठ्ठीने ठरवावे. विक्रेत्याच्या मोबदल्याचा काही भाग सर्व कर्मचाऱ्यांच्या मोजमापाशी बांधावा, केवळ भाग घेणाऱ्यांच्या नव्हे. एकेका कर्मचाऱ्याची आरोग्यविषयक माहिती व्यवस्थापनाला दिसणार नाही, ही अट करारातच असावी.

प्रश्न : लोकांच्या नकळत त्यांना वळवणे ही फसवणूकच नव्हे का?

उत्तर : नकळत असेल तर आक्षेप योग्यच आहे. नजची कल्पना मांडणारे थेलर आणि सन्स्टीन यांचीच अट अशी की पर्याय खुला राहावा आणि रेटा सहज टाळता यावा. आपण काय केले आहे हे सूचनाफलकावर लिहायला संकोच वाटत असेल, तर ते करू नये. गृहीत संमतीची मर्यादाही ओळखावी. अवयवदानास नकार नोंदवला नसेल तर होकार मानणाऱ्या ऑस्ट्रियात संमती जवळपास १०० टक्के होती आणि होकार मागणाऱ्या जर्मनीत १२ टक्के, असे २००३ च्या एका अभ्यासात आढळले. मात्र स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा १९७९ पासून असूनही दाते वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन होऊन रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यानंतर. तेथे आजही नातेवाइकांना विचारले जाते. आपल्या संस्थेत एखादी गोष्ट गृहीत धरायची असेल, तर नकाराची खूणही त्याच अर्जावर आणि त्याच आकाराच्या चौकटीत ठेवा.