राऊटरला बॅकअप घेताय? आधी वॅट मोजा

भावा, बॅटरी घ्यायच्या आधी वॅट मोज. राऊटर, फायबरचा ओएनयू (फायबरची तार जिथे येते ती पेटी) आणि छोटा नेटवर्क स्विच मिळून साधारण २५ वॅट धर. अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा म्हणजे कमाल मर्यादा. रोज तेवढं ओढलं जात नाही.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाताशी राहिले ४२. २५ वॅटला दीड तास, तोही नव्या बॅटरीवर. सांगलीत वळवाचा पाऊस झाला, तारेवर फांदी पडली की एवढ्यात काय भागतंय? मी थेट २६ अँपिअर-तासाची घेतली, सहा तास निघतात.

घरचा इन्व्हर्टर वापरणार असशील तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेव, म्हणजे लाईट गेली की तो झटकन बॅटरीवर जातो. मी वर्षभर राऊटरलाच शिव्या घालत होतो. लाईट गेली की दर वेळी रिस्टार्ट. दोष त्या बटणाचा होता!

सांगलीच्या गावभागात राहतोस ना? मग बॅटरी फरशीवर नको. २०१९ चा पूर आठवतोय ना.

आणि केबलवाल्याला आधी विचार, त्याच्या खांबावरच्या पेटीला बॅकअप आहे का. नसेल तर तुझा राऊटर नुसताच लुकलुकत बसेल.