हार्ट फेल्युअर आणि मोबाइल ॲप: आधी वजन
हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडतेय, आणि त्याच्या नोंदी ठेवायला मोबाइलवर नवीन ॲप घेतलंय म्हणता, तर आधी त्यातलं निम्मं बंद करून टाका. झोप, मूड, कॅलरी नंतर बघू. हार्ट फेल्युअरमध्ये सगळ्यात कामाची नोंद वजनाची. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आलेख बघा. 3 दिवसांत 2 किलोहून जास्त चढलं तर ती चरबी नव्हे, बहुतेक अंगात पाणी साठतंय. पायावरची सूज, आडवं झाल्यावर लागणारी धाप बरेचदा मागाहून कळते. लगेच डॉक्टरांना फोन करा. पाण्याची गोळी (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी) मनानेच वाढवू नका.

गोळ्यांचा अलार्म लावाच. फक्त ‘घेतली’ हे बटण गोळी गिळल्यावरच दाबा. आधी बटण दाबून मग गोळी विसरणारे आपल्यात कमी नाहीत!

कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपवर माझा काडीचा विश्वास नाही. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, 5 मिनिटं शांत बसून मोजा, आकडा ॲपमध्ये टाका. तपासणीला जाताना तोच आलेख दाखवा. आणि छातीत दुखायला लागलं तर ॲप उघडत बसू नका, थेट ॲम्ब्युलन्स बोलवा.