टाकीची काच चकाचक आहे, मग सकर मासा का खंगतोय?

तुमचा प्रश्न असा: दोन फुटी टाकीत दोन गोल्डफिश आणि एक सकर. चार महिन्यांत काच लख्ख झाली, पण सकरचं पोट आत गेलंय. आजार आहे की सोलापूरचा उन्हाळा बाधतोय?

माझ्या मते तो उपाशी आहे. काचेवरचं शेवाळ हेच त्याचं खाणं, काच लख्ख झाली म्हणजे त्याचं ताट रिकामं झालं. दुकानात तो 'टाकी साफ करणारा' म्हणून मिळतो आणि आपण त्याला फुकटातला घरगडी समजतो. मीही समजलो होतो. गोल्डफिशचं उरलंसुरलं खाऊन तो जगेल ही आशा सोडा. गोल्डफिश काही उरूच देत नाहीत. उलट भुकेला सकर रात्री त्यांच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडतो. त्यांच्या अंगावर फिकट चट्टे दिसतायत का, एकदा बघा.

आजपासून रात्री दिवा बंद केल्यावर दुधी, काकडी किंवा दोडक्याची जाड चकती द्या. दोन मिनिटं उकळून गार करा आणि तळाशी राहावी म्हणून स्टीलच्या चमच्यात खोचा. सकाळी उरलेली काढलीच पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात पाणी दुपारपर्यंत वास मारतं. तळाला बसणाऱ्या शेवाळाच्या गोळ्याही मिळतात, त्या आठवड्यातून दोन-तीनदा. पहिले दोन दिवस त्याने ढुंकून पाहिलं नाही तरी घाबरू नका, माझ्याने तिसऱ्या रात्री तोंड लावलं.

आता उन्हाळा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. सकर वर येऊन हवेचा घोट घेतो, अधूनमधून घेतला तर ठीक, पण सारखाच वर जात असेल तर एअरपंप वाढवा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावरून टेबल फॅनचा वारा सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात. मात्र पाणी भराभर आटतं, रोज भर घालावी लागते. आणि ही भर थेट नळाची नको. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्या दिवशी मी घाईत अर्धी टाकी नळाखालीच भरली. क्लोरीनने एक गोल्डफिश त्याच रात्री गेला. आता बादलीत साठवलेल्या पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब टाकून मगच ओततो, एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त नाही.

पण खरी अडचण टाकीची आहे. बाजारात मिळणारा साधा सकर फूटभराच्या पुढे जातो, तुमच्या टाकीत पाणी जेमतेम 55 लिटर. जागाच हवी तितकी नसेल तर तोंडावर मिशांसारखे कोंब असलेला ब्रिसलनोज जातीचा छोटा सकर घ्या, तो 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबतो. त्याला मात्र टाकीत लाकडाचा तुकडा लागतो, तो खरवडत बसतो.

मोठा झालेला सकर कंबर तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा असाच कुणीतरी सोडून सोडून उजनीतही पोचलाय, तिथल्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. दुकानदार परत घेतो का विचारा. नेताना जाळीने धरू नका, काटे अडकतात. झाकणाचा डबा पाण्यात बुडवून त्यात हळूच हाका.