फायबर पचत नाही, तरी ते हवे कशाला?

फायबर पचतच नसेल तर ते खायचे कशाला, आणि इन्युलिन या फायबरच्या एका प्रकाराची पावडर सुरू केल्यापासून पोट फुगते म्हणून ती बंद करावी का, असे आपण विचारले आहे. दोन्हींचे उत्तर मोठ्या आतड्यात सापडते.

वनस्पतींच्या पेशीभित्तिकांमधील बहुतेक जटिल कर्बोदके, म्हणजे मुख्यतः फायबर, तोडणारी विकरे (एन्झाइम) मानवी शरीर तयार करत नाही. याउलट, बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन या एकट्या जिवाणूच्या जनुकसंचात कर्बोदके तोडणाऱ्या 200 हून अधिक विकरांची जनुके आहेत. असे जिवाणू फायबर आंबवतात तेव्हा ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही मेदाम्ले निर्माण होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन असून, ते वापरताना या पेशी ऑक्सिजन खर्च करतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो फारसा झिरपत नाही आणि ऑक्सिजन न सोसणारे उपयुक्त जिवाणू तेथे टिकून राहतात. फायबर मिळेनासे झाले की काही जिवाणू खाद्यासाठी आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्माच्या (चिकट संरक्षक स्रावाच्या) थराकडे वळतात. आतड्यात माणसाच्या आतड्यातील जिवाणू वसवलेल्या उंदरांवरील 2016 च्या प्रयोगात फायबरविना हा थर पातळ झाला आणि रोगजंतूंना अस्तरापर्यंत पोहोचणे सोपे गेले. माणसात हुबेहूब असेच घडते असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही, पण यंत्रणा लक्षात घेण्याजोगी आहे.

आता पोटफुगीविषयी. आंबवण्याच्या क्रियेत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या आतड्यात मिथेनही तयार होतो. इन्युलिन झपाट्याने आंबते, म्हणून वायू थोड्या वेळात पुष्कळ साठतो. इसबगोल पाणी धरून मल मऊ करते, परंतु फारसे आंबत नाही. सगळे फायबर सारखे नसते, ते असे. पावडर एकदम बंद करण्याऐवजी मात्रा निम्म्याहून कमी करावी, काही आठवड्यांत ती हळूहळू वाढवावी आणि पाणी पुरेसे प्यावे.

एरवी, माझ्या मते, पावडरीपेक्षा कडधान्ये, अख्खी धान्ये, भाज्या आणि फळे यांवर भर द्यावा, कारण त्यांतून निरनिराळ्या जिवाणूंना निरनिराळे खाद्य मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी अन्नातून नैसर्गिकरीत्या मिळणारे किमान 25 ग्रॅम फायबर रोज घ्यावे असे म्हटले आहे.

मात्रा कमी करूनही तीव्र पोटदुखी राहिली, मलावाटे रक्त गेले किंवा विनाकारण वजन उतरू लागले, तर फायबरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.