दुकानात गन ठेवू का, ताई?

ह्यूस्टनच्या आसपास गॅस स्टेशनवर, मोटेलात, लिकर स्टोअरमध्ये रात्रपाळी करणारी आपली बरीच माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. सुरुवात झोपेच्या तक्रारीने होते आणि गाडी हमखास एका प्रश्नावर येते: दरोडा पडला तर जवळ स्वतःची गन असावी का? टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. त्यामुळे कायद्याकडे बोट दाखवून मला सुटता येत नाही. (स्टुडंट किंवा एच-वन व्हिसावर असाल तर गोष्ट वेगळी. तिथे केंद्रीय कायदाच सहसा आडवा येतो. आधी वकिलाला गाठा.)

सुधाकरराव, नाव बदललंय, ग्रीन कार्डवाले, मूळचे सांगलीकडचे. एका रात्री दोघांनी पिस्तूल रोखून त्यांचं कॅश रजिस्टर, म्हणजे गल्ला, रिकामं केलं. कुणाला खरचटलंही नाही. तरी दाराची बेल वाजली की यांच्या छातीत धडधडायचं. पहिल्याच भेटीत त्यांनी फोनवर पिस्तुलांचे फोटो दाखवले, किमतींसकट.

"पुढच्या वेळी मी तयार असणार, ताई."

"म्हणजे काय कराल?"

"काउंटरखालून काढीन."

"तेव्हा त्याचं पिस्तूल कुठे असेल?"

ते थोडं थांबले. "माझ्यावरच."

मी त्यांना ती रात्र टेबलावर मांडायला सांगितली, या वेळी गनसकट. स्टेपलर म्हणजे रजिस्टर, दोन पेनं म्हणजे ते दोघे. "आणि मारिया?" मारिया त्यांची सहकारी, तेव्हा कॉफी मशीनपाशी फरशी पुसत होती. त्यांनी पेनाचं टोपण ठेवलं. ते स्टेपलर आणि पेनं यांच्या बरोबर मध्ये आलं. सुधाकररावांनी ते बोटाने हळूच बाजूला सरकवलं. मी काही न बोलता परत जागेवर ठेवलं. त्यांनी पुन्हा सरकवलं, मी पुन्हा ठेवलं.

मग ते म्हणाले, "तिच्यासमोर मी हात वर करून उभा होतो हो."

इतका वेळ आम्ही गनबद्दल बोलत होतो आणि खरी गोष्ट ही होती. मी विचारलं, "ही गन पुढच्या दरोड्यासाठी घेताय, की झालेल्या?" बराच वेळ ते टोपणाकडे बघत राहिले. असा प्रश्न योग्य क्षणी सुचायला वर्षं जावी लागतात, एवढं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेली. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त पोळतो, हे मी रोज पाहते. सुधाकररावांनी अर्थ लावला होता: हात वर केले म्हणजे मी भित्रा. मी म्हटलं, मारियाने काय अर्थ लावला ते विचारा की. पुढच्या भेटीत ते सांगत आले, "ती म्हणाली, तुम्ही हलला नाहीत म्हणून मी त्या रात्री पोरांकडे गेले."

आता ज्यांना सरळ उत्तर हवंय त्यांच्यासाठी. माझं मत, कामावर गन नको. नॉर्थ कॅरोलिनातल्या कामाच्या ठिकाणांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांना बंदूक आणायला परवानगी होती तिथे खून होण्याची शक्यता, सर्व शस्त्रांना बंदी असलेल्या ठिकाणांच्या जवळपास पाचपट निघाली. मुळात धोक्याच्या जागीच लोक बंदुका आणत असतील, हे मान्य. पण त्या बंदुकांनी तो धोका पुसून टाकला असंही दिसलं नाही. नोकरीचं म्हणाल, तर मिशिगनमध्ये २०११ साली रात्रपाळीच्या एका फार्मासिस्टने स्वतःच्या पिस्तुलातून दरोडेखोरांवर गोळ्या झाडल्या. जीव वाचला, नोकरी गेली. तो कोर्टात गेला. २०१४ मध्ये अपील कोर्टानेही कंपनीच्याच बाजूने निकाल दिला. टेक्सासमध्येही मालक दुकानात बंदी घालू शकतो. २०११ च्या कायद्याने संरक्षण आहे ते मुख्यतः पार्किंगमधल्या तुमच्या कुलूपबंद गाडीत ठेवलेल्या बंदुकीला.

खरी तयारी फार कंटाळवाणी असते. रजिस्टरमध्ये किरकोळच रक्कम, बाकी लगेच ड्रॉप सेफमध्ये (फटीतून पैसे आत टाकता येतात, चावीशिवाय काढता येत नाहीत अशी तिजोरी), आणि 'चावी आमच्याकडे नाही' अशी पाटी. काचेवरची बिअरची पोस्टरं काढा, रस्त्यावरून काउंटर दिसू दे. प्रसंग आलाच तर हात दिसतील असे ठेवा, हलण्याआधी तोंडाने सांगा, मागे धावू नका, ते गेल्यावर दार लावून ९११ ला, म्हणजे पोलिसांना, फोन. आणि दरोड्यानंतर पहिले काही आठवडे गन शॉपची पायरी चढू नका. आधी झोप जागेवर येऊ द्या.

सुधाकररावांनी अखेर गन घेतलीच. ती घरी तिजोरीत असते, रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जातात. माझी त्याला हरकत नाही. दुकानात ड्रॉप सेफ बसली, पोस्टरंही उतरली. रात्री दहानंतर काउंटरवर दुसरा माणूस द्यायला मालक मात्र अजून तयार नाही. त्याच्याशी काय आणि कसं बोलायचं, यावर आमच्या भेटी सध्या चालू आहेत.