होडीला हात लागला ना, मग तो स्विम संपला

प्रिय बाय,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. झुआरीच्या तोंडाशी ओहोटीनं ओढलं, खांदा धरला आणि तू सोबतच्या होडीची कड पकडलीस, ‘फक्त पाच सेकंद’, मग पोहत दोना पावलला लागलीस. आता सत्कार ठरलाय आणि तू विचारतेस, हे पूर्ण धरायचं का.

नाही धरायचं. पकडलीस ते बरोबरच केलंस, जीव आधी. पण हात लागला की स्विम संपला.

अमेरिकेची पोहणारी गर्ट्रूड एडर्ली, तिला 1925 साली इंग्लिश चॅनलमध्ये कोचच्या सांगण्यावरून दुसऱ्यानं धरलं, ती म्हणत राहिली मी दमलेच नव्हते, तरी तो स्विम गेला तो गेलाच. 1926 ला परत उतरली, साडेचौदा तासांत पार, तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! आपली आरती साहा, 1959 च्या ऑगस्टमध्ये करंटनं हरवलं, 29 सप्टेंबरला परत, 16 तास 20 मिनिटं, चॅनल पोहणारी पहिली आशियाई बाई. सारा थॉमस तर कॅन्सरची ट्रीटमेंट संपून साधारण वर्षभरानं, 2019 ला, सलग चार वेळा चॅनल पोहली, 54 तास, आणि तिथे बोटीला टेकायचंच नाही असा नियम. तू पाच सेकंदांचं काय सांगतेस?

मी एकोणीसची असताना पकडली होती होडी. होडीवाल्यानं बघितलं, बोलला नाही. शाल-श्रीफळ घेतलं, तो फोटो आईच्या हॉलमध्ये अजून आहे. जेलीफिशनं मान भाजलेली, ऑब्झर्व्हर, म्हणजे नियम पाळले का ते बघणारा, वगैरे आम्हाला माहीतच नव्हतं, नियम सांगणारं कुणी नव्हतं, मी काही मुद्दाम फसवलं नाही गो, आणि पुढे लग्न ठरलं तेव्हा कोण पाठवणार होतं पाण्यात. पण मधली एक अख्खी थंडी मोकळी होती. उतरले नाही. लोकांच्या लेखी झालेलं होतं ना, मग परत कशाला, असं मीच मला सांगितलं.

म्हणून सांगते, हात लागला की संपला. सत्काराला नाही म्हण, तुझ्या आईला मी फोन करते, ती चिडेल, चिडू दे.

दिवाळीनंतर बघू. उधाणाचे दिवस नकोत, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, आणि ओहोटी लागायच्या आत अर्ध्याच्या पुढे जायचं. होडीत मी बसणार. पेजेची बाटली दोरीला बांधून फेकीन, दोरी लांब ठेवते.