आटणे, आकसणे आणि घट

प्रश्न : कापड दुकानदार म्हणतो, सुती कापड आटते, गवंडी म्हणतो, गिलावा आकसून तडकतो, आमच्या मोंढ्यातला अडतदार धान्यात ‘घट’ धरतो. इंग्रजीत या सगळ्याला ‘श्रिंकेज’ म्हणतात. मराठीत एकच शब्द नाही का? – एक वाचक, परभणी

उत्तर : नाही, आणि नसलेलाच बरा. वस्तूतले काही निघून गेले की आहे तेच दाटीने जवळ आले, हा भेद आपली भाषा पाळते. दूध आटते, विहीर आटते, कारण त्यातले पाणी जाते. कापडाचे तसे नाही. मागावर ताणून ठेवलेले सूत पहिल्या धुण्यात ढिले पडून मूळ स्थितीकडे परतते. सदऱ्याची लांबी कमी होते, वजन जवळजवळ तेवढेच राहते. बोलताना ‘आटले’ म्हटले तरी बिघडत नाही, लिहिताना मात्र ‘आकसले’ नेमके.

गिलाव्यात आणि आपल्या काळ्या रानात दोन्ही गोष्टी एकदम घडतात. या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात पाणी गेले की आकसते, म्हणूनच वैशाखात बांधावर हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्याच मातीवर उथळ पाया घेतलेल्या घरांच्या भिंती तडकतात.

लोखंडातून मात्र काहीच जात नाही. बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे त्यावर बसवायचे लोखंडी कडे, मुद्दाम किंचित लहान करून गोवऱ्यांच्या जाळात तापवतात. 1 मीटर लोखंडी पट्टी 500 अंशांनी तापली की 6 ते 7 मिलिमीटर वाढते, त्यामुळे लाल धाव लाकडावर सहज बसते आणि वर पाणी ओतताच आकुंचन पावून आरे, पाट्या करकचून आवळते. इथे ‘आकुंचन’ हाच शब्द हवा.

राहिला मोंढा. मॉलवाले ज्याला श्रिंकेज म्हणतात, त्यात चोरी, नासधूस आणि मोजणीतली चूक येते. माल आकसलेला नसतो, तो जागेवर नसतो. त्याला ‘तूट’ म्हणावे. ‘घट’ म्हणजे वाळून कमी झालेले वजन, आणि ते मोजता येते. 14 टक्के ओलाव्याचे 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर वाळले, तर कोरडा भाग 86 किलोच राहतो आणि एकूण वजन सुमारे 97.7 किलो भरते. म्हणजे घट सव्वादोन किलोंची. तुमच्या अडतदाराने त्याहून जास्त कापले असेल, तर जास्तीचा आकडा घटीत नव्हे, तुटीत लिहायला सांगा.